राक्षसाला घरात घ्यावं का?

शहापूर तालुक्यात भातसा धरणाजवळ भातसानगर आहे. धरणाच्या कामासाठी उभी राहिलेली वसाहत. इथलं पाणी पिसे-पांजरापूरच्या वाटेनं मुंबईला जातं. मुंबईची तहान भागवणाऱ्या सात तलावांत सगळ्यात मोठा वाटा भातसाचा. पाणी इकडून तिकडं जातं आणि गोष्टी तिकडून इकडं येतात. कधीकाळी त्या टपालानं आलेल्या मासिकातून आल्या, मग पत्र्यावर उभ्या केलेल्या अँटेनातून, मग डिशच्या छत्रीतून. आता त्या मोबाइलमधून येतात आणि थेट पोराच्या मांडीवर उतरतात.

शहापूर-मुरबाडकडच्या पुष्कळ घरांत चांगला चालणारा फोन एकच असतो. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी तो धाकट्याच्या हाती जातो. स्क्रीनवर कुणीतरी उडतं, कुणीतरी मंत्र म्हणतं, तीन डोक्यांचा राक्षस आरोळी ठोकतो. आई भाकरी थापता थापता घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला विचारते, "बघ गं जरा, हे आपल्या पोरानं बघण्यासारखं आहे का?"

म्हणजे हा निकाल आता तुमच्याकडे आला आहे. फोन कळतो तो तुम्हाला, डोरेमॉन आणि शिनचॅन पाहून मोठे झालात ते तुम्ही. पूर्वी हा निवाडा शास्त्रीबुवा करायचे, मग मास्तर, मग मासिकाचे संपादक, मग सरकार. मराठी घरात अद्भुत गोष्टींना आत घ्यायचं की नाही, हा वाद दोनशे वर्षांचा आहे. आधीच्या परीक्षकांनी निकाल कसे दिले आणि ते कुठं चुकले, हे ठाऊक असेल तर आपलं काम सोपं होतं.

तात्पर्याचा परवाना

मुलांसाठी छापलेलं मराठी पुस्तक महाराष्ट्राबाहेर सुरू झालं. १८०६ मध्ये तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयानं इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या. सख्खण पंडितांनी केलेल्या त्या पुस्तकाचं नाव 'बालबोध मुक्तावलि'. पुढं १८२८ मध्ये मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'इसपनीतिकथा' आणि 'बाळमित्र' ही पुस्तकं आणली. 'बाळमित्र'चं मूळ एका फ्रेंच लेखकाचं, तेही इंग्रजीतून आलेलं. थोडक्यात, मुलांच्या गोष्टी परदेशातून आयात करून मराठीत 'डब' करण्याचा उद्योग आपल्याकडे पहिल्या दिवसापासून आहे.

इसापाच्या गोष्टीत सिंह बोलतो, कोल्हा थापा मारतो, करकोचा जेवायला येतो. यातलं काहीही खरं नाही आणि तरी कुणाची हरकत नव्हती. कारण गोष्टीच्या शेवटी तात्पर्य असायचं. तात्पर्य हा अद्भुताला मिळालेला परवाना होता. सिंहानं हवं तेवढं बोलावं, शेवटच्या दोन ओळींत मुलाला शहाणपण मिळालं की हिशेब पूर्ण.

ही सवय आपल्या हाडीमाशी इतकी भिनली आहे की आजही एखादी कार्टून मालिका चांगली की वाईट हे ठरवताना आपण पहिल्यांदा विचारतो, "यातून शिकायला काय मिळतं?" प्रश्न वरवर योग्य वाटतो. पण दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर याच प्रश्नानं परीक्षकांना पुन्हा पुन्हा फसवलं आहे.

शास्त्रीबुवा आणि जिन्न

१८६० च्या दशकात मराठी वाचकाच्या दारात अद्भुताचा लोंढाच आला. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला सुरुवात केली. हे तेच कृष्णशास्त्री, ज्यांनी सॉक्रेटिसाचं चरित्र आणि अर्थशास्त्रावरचं पुस्तक मराठीत लिहिलं. सॉक्रेटिस आणि बाटलीतला जिन्न एकाच लेखणीतून उतरले. पुढं त्यांचे चिरंजीव, निबंधमालाकार विष्णुशास्त्री यांनी हे भाषांतर पुरं केलं. या गोष्टींना तात्पर्य नव्हतं. शिवाय त्यांची चौकट मुळात मोठ्यांची होती: बायकोनं दगा दिला म्हणून रोज नवं लग्न करून सकाळी नव्या बायकोला मारणारा बादशहा, आणि रात्री गोष्ट सांगून पहाटे ती ऐन रंगात थांबवणारी शहरजाद.

त्याच काळात लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आली, मग नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. राजपुत्र, राजकन्या, कपटी मंत्री, संकटांमागून संकटं, योगायोगांची रेलचेल. रिसबुडांनी प्रस्तावनेत याची जी सफाई दिली ती मजेशीर आहे. आपल्या लग्नाच्या रीती आणि इतर कारणांमुळे आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात मन खिळवून ठेवील असे ना गुण सापडतात ना दोष, मग रंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही, असं त्यांचं म्हणणं. घरात ज्यावर बोलता येत नाही ते राजवाड्यात नेऊन बोलायचं. आजच्या फँटसी मालिकाही बऱ्याचदा हेच करतात.

१८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांविषयी निबंध लिहिला आणि या असंभाव्य गोष्टींच्या सोसावर टीका केली. कथा खऱ्या जगण्याशी इमान राखून असावी, हा आग्रह. मराठ्यांची तक्रार खोटी नव्हती. त्यांच्या काळी मराठी कादंबरीत विधवेचं दुःख, मुलीचं लग्न, घरातली घुसमट यांना फारशी जागा नव्हती. आधी १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन'मध्ये विधवांचा प्रश्न मांडला होता, पण त्या वाटेनं गर्दी झाली नाही. पुढं हरिभाऊ आपटे आले तेव्हा मराठी कादंबरी खऱ्या अर्थानं घरात शिरली.

तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. टीकाकार जिंकले, कादंबरी वास्तवाकडे वळली, पण जिन्न काही मेला नाही. तो मोठ्यांच्या कपाटातून निघून मुलांच्या कपाटात गेला. अलिबाबा, सिंदबाद, अल्लाउद्दीन हे मुलांचे झाले. ज्यांना एका पिढीनं 'वेळ फुकट घालवणारं' म्हटलं, त्यांना तिसऱ्या पिढीनं 'अभिजात बालसाहित्य' म्हणून वाढदिवसाला भेट दिलं. म्हणून कुठल्याही नव्या मालिकेबद्दल "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" असं ऐकलं की जरा थांबावं. त्यांच्या वेळीही होतं. त्यावर त्यांचे आजोबा रागावले होते.

मुखवट्याच्या मागे कोण आहे

छापील पुस्तकांचा हा वाद पुण्या-मुंबईत चालला होता तेव्हा ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरपट्ट्यातली मुलं अद्भुताकडे वेगळ्याच वाटेनं जात होती. तिथं बोहाडा होता आणि अजून आहे. रात्रभर चालणारा मुखवट्यांचा उत्सव. टेंभ्यांचा उजेड, संबळ आणि सनई, आणि एकामागून एक येणारी सोंगं: गणपती, सरस्वती, रावण, नरसिंह, राक्षस. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे, बटबटीत डोळे, बाहेर आलेले सुळे.

आजच्या भाषेत बोलायचं तर बोहाड्याला वयाचं प्रमाणपत्र नाही. तीन वर्षांचं पोर आणि सत्तर वर्षांची आजी शेजारी बसून नरसिंहाकडून हिरण्यकशिपूचा वध बघतात. पोर भेदरतं, आजीच्या पदरात तोंड खुपसतं, थोड्या वेळानं एक डोळा बाहेर काढतं. पण या भीतीभोवती तीन कुंपणं असतात. पहिलं, पोर कुणाच्या तरी मांडीवर असतं. दुसरं, मुखवटा कितीही भयंकर असला तरी त्याच्या खाली कोण आहे हे गावाला ठाऊक असतं. राक्षसाचं सोंग घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी शेतात दिसतो. तिसरं, पहाट होते आणि खेळ संपतो.

बोहाड्याचं उगाच गोडवं गाण्याचा हेतू नाही. हल्ली सगळ्याच गावांत तो होतो असंही नाही. मुद्दा एवढाच की इथल्या लोकांनी मुलांसाठी अद्भुताची तपासणी कधी तात्पर्यावर केली नाही. त्यांनी राक्षस सौम्य केला नाही, पण त्याच्यासमोर मुलाला एकटंही बसवलं नाही.

प्रश्न विचारणारं भूत

तात्पर्याला छापील दुनियेतही एक तगडा पर्याय मिळाला. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांनी 'बालबोध' मासिक सुरू केलं, १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांनी 'आनंद'. दोन्ही मासिकांनी मराठी मुलांना वाचायला लावलं. पण घराघरांत अद्भुताचं वेड लावलं ते मद्रासहून येणाऱ्या 'चांदोबा'नं. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलेलं हे मासिक पुढं १९५० च्या दशकात मराठीत आलं. खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून चालणारा विक्रम आणि प्रेतातून बोलणारा वेताळ ही त्याची ओळख.

कल्पना करा, आज कुणी नवी मालिका आणली: राजा, स्मशान, खांद्यावर मढं आणि "उत्तर ठाऊक असून दिलं नाहीस तर डोक्याची शकलं होतील" अशी धमकी. "लहान मुलांना हे?" असं विचारणारे पहिल्याच दिवशी उभे राहतील. पण वेताळाच्या गोष्टीची रचना इसापाच्या नेमकी उलटी आहे. इसाप शेवटी उत्तर देतो, वेताळ शेवटी प्रश्न विचारतो. खरा दोषी कोण? मोठा त्याग कुणाचा? विक्रम उत्तर देण्याआधी वाचणारं मूल क्षणभर थांबायचं आणि मनात स्वतःचं उत्तर ठरवायचं. कधी ते विक्रमाशी जुळायचं, कधी नाही. नाही जुळलं तर भावंडांत भांडण. तात्पर्य पाठ करायचं असतं. वेताळाच्या प्रश्नावर वाद घालता येतो.

याच सुमारास मुंबईत दुसरी गोष्ट घडली. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' सुरू केलं आणि रत्नाकर मतकरी यांचं 'मधुमंजिरी' हे बालनाट्य रंगभूमीवर आणलं. मुलांच्या नाटकात मुलांनाच पाठांतर करून उभं करायचं, या रिवाजाऐवजी मुलांसाठी मोठ्या नटांनी जीव ओतून काम करायचं, असा हा विचार. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अशी उभी केली की ती पिढ्यांच्या आठवणीत राहिली. २०१८ मध्ये वैभव मांगले त्याच चेटकिणीच्या वेशात आले तेव्हा तिला बघायला आजी-आजोबा नातवंडांना घेऊन गेले. ही चेटकीण दुष्ट होती आणि हास्यास्पदही होती. मुलं आधी दचकायची, मग हसायची. मुलाला भीतीवर हसता येईल एवढी जागा ठेवणं ही चांगल्या अद्भुताची खूण मतकरींना पक्की ठाऊक होती.

पडद्यावर परतलेलं तात्पर्य

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. मुलांच्या अद्भुताचा लोंढा मात्र १९९० च्या दशकात आला. रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारी मोगलीची मालिका मूळ जपानी होती. हिंदी आवृत्तीत शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा. १९९७ मध्ये 'शक्तिमान' आला आणि त्याच्यासोबत तात्पर्यही परत आलं. प्रत्येक भागानंतर शक्तिमान मुलांना चांगल्या सवयी सांगायचा, चूक केलेलं मूल त्याची माफी मागायचं. इसापाचा परवाना आता पडद्यावर.

पण त्याच मालिकेच्या काळात शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या छापून आल्या. त्यातल्या किती खऱ्या यावर वाद झाला. मालिकेतूनच मुलांना अनुकरण करू नका असं सांगावं लागलं, एवढं मात्र नक्की. म्हणजे ज्या मालिकेत तात्पर्याची सर्वाधिक काळजी घेतली होती तिच्यावरच सर्वाधिक चिंता झाली. मुलं शेवटची दोन मिनिटं शिकत नव्हती. ती आधीची वीस मिनिटं जगत होती.

पुढच्या परीक्षकांचीही नजर भलतीकडेच राहिली. २००८ मध्ये केंद्र सरकारनं 'शिनचॅन'वर बंदी घातली. मोठ्यांशी उद्धट बोलणं आणि चावटपणा ही कारणं. पुढं कात्री लावून तो परतला. फेब्रुवारी २०१३ मध्ये बांगलादेश सरकारनं 'डोरेमॉन' बंद केला, कारण ढाक्याची मुलं बांगलाऐवजी हिंदी बोलू लागली होती. आपल्याकडे शहापूर-मुरबाडमधली पोरंही खेळताना हिंदीत भांडतात आणि घरी येऊन ठाकरी, कातकरी, आगरी किंवा मराठीत जेवायला मागतात. बांगलादेशाची बंदी टोकाची वाटेल, पण भाषेची काळजी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या भाषेत राक्षस, राजा आणि जादू भेटतात ती भाषा मुलाला मोठी वाटते. ज्या भाषेत फक्त "भांडी उचल" ऐकू येतं ती लहान वाटते.

आणि प्रत्यक्ष इजा झाली ती तिसऱ्याच वाटेनं. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा प्रकाश काही सेकंद झपाट्यानं लुकलुकला. सुमारे ६८५ मुलांना झटके, चक्कर, मळमळ अशा तक्रारींनी रुग्णालयात न्यावं लागलं. त्या भागात ना अश्लील काही होतं ना कुणाच्या भावना दुखावणारं. तात्पर्य तपासणाऱ्याला त्यात काहीच सापडलं नसतं. मालिका चार महिने बंद राहिली, तो भाग पुन्हा कधी दाखवला गेला नाही आणि जपानी वाहिन्यांनी लुकलुकत्या प्रकाशासाठी नियम केले.

तीन पायांचा कुत्रा

तात्पर्य मुलांपर्यंत पोचतं का, हे संशोधकांनीही तपासून पाहिलं. अमेरिकेत मेरी-लुईझ मॅरेस आणि एमिली अकोस्टा यांनी २००८ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना एका लोकप्रिय कार्टूनचा भाग दाखवला. त्यात तीन पायांचा कुत्रा येतो, बाकीचे आधी त्याला बिचकतात, शेवटी आपलंसं करतात. धडा उघड होता: जो वेगळा आहे त्यालाही जवळ करा. बहुतेक मुलांपर्यंत तो पोचलाच नाही. ज्यांनी काही धडा घेतला त्यांतल्या अनेकांनी तो कुत्र्यांपुरताच घेतला. मोठ्यांना दिसणारं तात्पर्य आणि पोरानं उचललेली गोष्ट यांत एवढं अंतर असू शकतं.

भीतीबद्दलही असंच. १९८० च्या दशकात जोआन कँटर आणि ग्लेन स्पार्क्स यांनी मुलांना 'हल्क'ची मालिका दाखवली. मोठ्या मुलांना नायक संकटात असताना भीती वाटली. तीन ते पाच वर्षांच्यांना भीती वाटली ती चांगल्या माणसाचा हिरवा राक्षस होताना, म्हणजे नेमकी तो मदतीला येत असताना. लहानग्यांसाठी दिसणं हेच असणं असतं. "अरे, तो चांगला आहे" हे आपलं समजावणं त्या वयात फारसं कामाला येत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला चालणारी मालिका चार वर्षांच्याला का चालत नाही, याचं उत्तर इथं आहे.

वेगवान आणि अद्भुत मालिकांबद्दल २०११ मध्ये अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांचा अभ्यास आला. चार वर्षांच्या ६० मुलांपैकी काहींनी नऊ मिनिटं 'स्पंजबॉब' पाहिलं, काहींनी संथ मालिका, काहींनी चित्रं काढली. लगेच घेतलेल्या चाचण्यांत 'स्पंजबॉब' पाहिलेल्यांना एकाग्रता आणि संयम राखणं जड गेलं. हा परिणाम लगेचचा होता, कायमचा नव्हे. पण अभ्यासाला बसवण्याआधी किंवा झोपवण्याआधी काय दाखवायचं, हे ठरवायला तेवढं पुरे आहे.

मग निकाल कसा द्यायचा

इतिहासातून चार प्रश्न हाती लागतात. "यातून काय शिकायला मिळतं?" हा त्यांत नाही.

हसू कुणाला येतं आणि कुणावर? 'छोटा भीम' घ्या. २००८ पासून पोगोवर गाजलेली, हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीची मालिका. भीम गरिबाला मदत करतो, मैत्री जपतो. तात्पर्याच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण. पण ढोलकपूरमध्ये दादागिरी करणाऱ्या, प्रत्येक वेळी तोंडावर आपटणाऱ्या धिप्पाड पोराचं नाव कालिया आहे. नावातच रंग. ज्या वाडीतल्या बहुतेक पोरांचा रंग सावळा, तिथं या नावावर रोज हसायला शिकणं म्हणजे काय, हे मालिकेच्या तात्पर्यात लिहिलेलं नसतं. याचा अर्थ 'छोटा भीम' बंद करा असा नाही. "त्याला कालिया का म्हणतात रे?" एवढा प्रश्न पोराला विचारला तरी पुष्कळ होतं.

चुकीची किंमत गोष्टीतच मोजावी लागते का? 'डोरेमॉन'मध्ये कुणी उपदेश करत नाही. नोबिता आळशी आहे, यंत्र मागतो, त्याचा गैरवापर करतो आणि बहुतेक वेळा ते त्याच्याच अंगावर उलटतं. ही किंमत कथेच्या पोटात आहे, शेपटीला बांधलेली नाही. याउलट ज्या मालिकेत नायक वीस मिनिटं मारतो, मार खाणाऱ्याला कुठंच दुखत नाही आणि शेवटी "हिंसा वाईट" असं म्हणतो, तिथं पोर मारणंच शिकेल.

गोष्ट सांगणारा कोण आहे? बोहाड्यात मुखवट्यामागचा माणूस ठाऊक असतो. यूट्यूबवर तो नसतो. २०१७ मध्ये जगभर गाजलेलं प्रकरण आठवा: एल्सा, स्पायडरमॅन अशा ओळखीच्या चेहऱ्यांचे भलतेच किळसवाणे, हिंसक व्हिडिओ मुलांच्या नजरेसमोर येत होते. यूट्यूबला असे कितीतरी चॅनेल काढून टाकावे लागले. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवरच्या मालिकांना यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए अशी वयाची पाटी लावावी लागते. यूट्यूबवर कुणीही टाकलेल्या व्हिडिओला अशी पाटी नसते. पाटी आहे तिथं ती वाचा. नाही तिथं चॅनेल कुणाचं आहे ते बघा. एकाच फोनवर काकांचे मारामारीचे व्हिडिओ आणि पोराचे कार्टून चालत असतील तर पुढचा व्हिडिओ कुठला येईल याचा भरवसा नाही. पोरासाठी वेगळं प्रोफाइल किंवा मुलांचं ॲप एवढं काम तुमच्या पाच मिनिटांचं आहे.

गोष्ट थांबते का? शहरजाद पहाटे थांबायची. चांदोबा महिन्यातून एकदाच यायचा. मोगली आठवड्यानं भेटायचा. मधल्या काळात मुलं गोष्ट स्वतः पुढं नेत, अंगणात खेळत, चुकीची सांगत, वाढवत. आता एक भाग संपला की काही सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो. दोनशे वर्षांत राक्षस फारसा बदललेला नाही. त्याच्याभोवतीची पहाट नाहीशी झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच असंही म्हटलं. तासाचा हिशेब जमला नाही तरी ऑटोप्ले बंद करता येतो.

या चार प्रश्नांना लागणारा वेळ थोडा आहे. मालिकेचे दोन भाग आधी एकट्यानं बघा, एक पहिला आणि एक मधलाच. मग दोन भाग पोराच्या शेजारी बसून बघा. दुसऱ्या वेळी पडद्याकडे कमी आणि पोराकडे जास्त लक्ष द्या. ते कुठं हसतं, कुठं अंग चोरतं, कुठं डोळे न मिटता खिळून राहतं. प्रत्येक घराचं उत्तर वेगळं येईल आणि ते तसंच यायला हवं. शेजारच्या पोराला जे चालतं ते नुकतंच आजोबा गेलेल्या घरातल्या पोराला चालेलच असं नाही. मेलेला नायक तिसऱ्या भागात उठून बसतो हे बघून ते काय विचारेल, याची तयारी ठेवावी लागते.

राहता राहिली भाषा. इथल्या ठाकरी, कातकरी, आगरी बोलींत ना डोरेमॉन बोलतो ना भीम. ते आपल्या हातात नाही. पण बघून झाल्यावर "आता मला सांग, काय झालं?" असं घरच्या बोलीत विचारणं आपल्या हातात आहे. पोर सांगू लागतं तेव्हा डबिंग सुरू होतं. १८२८ मध्ये छत्र्यांनी जे केलं तेच, थोडं अडखळत. सांगताना ते काय गाळतं आणि काय तिखटमीठ लावून सांगतं, यावरून मालिकेनं त्याच्या मनात काय ठेवलं ते कळतं.

आईनं विचारलेल्या प्रश्नाला "चांगलं आहे" किंवा "बंद कर" एवढंच उत्तर देऊ नका. "सात वर्षांच्या दादाला चालेल, धाकटीला अजून नको. रात्री नको. आणि मी बसते शेजारी," असंही उत्तर देता येतं. त्यात थोडा तुमचा वेळ जाईल. मांडी देणाऱ्या आजीचाही जात होता.